बटण एकच, कामं चार



बीसी सखी म्हणून काम करणाऱ्या किंवा गटाचं रेशन दुकान सांभाळणाऱ्या ताईंच्या हातात आता बटणांचं छोटं मशीन असतं. “मी दोन दाबते आणि ए उमटतो, मशीन बिघडलं!” अशी तक्रार हमखास ऐकू येते. मशीन बहुतेक वेळा धडधाकट असतं. ते फक्त दुसऱ्या मोडमध्ये गेलेलं असतं.

दहा आकडे आणि इंग्रजीची 26 अक्षरं एवढ्याशा जागेत बसवायची, म्हणजे एका बटणाला तीन-चार कामं आलीच, अगदी आपल्यासारखी! कोणतं काम करायचं ते मोड ठरवतो. बऱ्याच मशीनवर स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याची खूण असते. 123 दिसलं तर आकडे, एबीसी दिसलं तर अक्षरं. बोट टेकवण्याआधी नजर तिकडे गेली पाहिजे.

शिफ्टचं बटण अक्षर मोठं करतं. काही मशीनवर केशरी किंवा निळं बटणही असतं. बाकीच्या बटणांवर त्याच रंगात छापलेली चिन्हं त्याने उमटतात. हे रंगीत बटण साधारणपणे एकदा दाबलं की पुढच्या एकाच बटणापुरतं चालतं. दोनदा दाबलं की कुलूप लागतं, आणि पुन्हा दाबेपर्यंत सगळं त्याच मोडमध्ये उमटत राहतं. घाईत दोनदा दाबलं जातं आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. तुमच्या मशीनवर हे कसं चालतं, ते गिऱ्हाईक नसताना एकदा करून बघा.

खरी परीक्षा बँकेच्या आयएफएससी कोडची. तो 11 खुणांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवा कायम शून्य, पुढच्या सहा खुणा शाखेच्या. बँक ऑफ महाराष्ट्रचा कोड एमएएचबीने सुरू होतो. अक्षरांच्या मोडमध्ये 6 एकदा, 2 एकदा, 4 दोनदा, 2 दोनदा. मग मोड बदलून शून्य. इथे शून्याच्या जागी चुकून ओ हे अक्षर जाऊ शकतं. दिसायला दोन्ही सारखेच, पण मशीन कोड नाकारतं, आणि ताटकळत बसते ती पैसे पाठवायला आलेली बाई.

लागोपाठची दोन अक्षरं एकाच बटणावर असतील, जसे एचडीएफसीमधले डी आणि एफ, तर पहिलं उमटल्यावर क्षणभर थांबा. कर्सर पुढे सरकला की दुसरं दाबा.

पासवर्डच्या वेळी स्क्रीनवर नुसती टिंबं दिसतात, अक्षर कळत नाही. तेव्हा कोपऱ्यातली खूण आधी पाहा. पासवर्ड एकदा चुकला तर लगेच पुन्हा मारू नका. सगळं पुसा, मोड तपासा आणि मग टाका. लागोपाठ चुकला तर लॉगिन बंद होऊ शकतं.