घाई आणि अनुकंपा

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोहोचला. त्यात दिंडोरी तालुक्यातील आदिवासी शेतकरीही होते. वनजमिनीचे हक्क आणि कर्जमाफी या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. उन्हातल्या वाटचालीने अनेकांचे तळपाय सोलवटले होते. ११ मार्चला शीवच्या सोमय्या मैदानावर मुक्काम पडला. सकाळी निघावे तर दहावीच्या परीक्षार्थींची वाट अडणार. म्हणून हे थकलेले लोक रात्रीच उठले आणि पहाटे आझाद मैदानावर पोहोचले. मुंबईकरांनीही त्यांना पाणी, बिस्किटे, चपला दिल्या.

अनोळखी मुलांसाठी झोप सोडण्याची ही वृत्ती येते कोठून? अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे डॅनियल बॅटसन या, धर्मशास्त्राकडून मानसशास्त्राकडे वळलेल्या विद्यार्थ्याने आपले मार्गदर्शक जॉन डार्ली यांच्यासह हाच विषय अभ्यासला. त्यांचा प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठविण्यात आले. वाटेत एक मनुष्य कण्हत पडलेला होता. काहींच्या भाषणाचा विषयच मुळी परोपकाराची बोधकथा हा होता. तरी त्याने लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले; ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ १० टक्के.

जैन परंपरेत अनुकंपा हे सम्यक्त्वाचे एक लक्षण मानले आहे. प्रवचनाला वेळेवर पोहोचण्याच्या धावपळीत वाटेवरचा जीव नजरेआड होत असेल, तर ऐकलेले प्रवचन कोठे पोहोचले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे.

क्षणिक कळवळ्यालाही मर्यादा असते. दिलेल्या चपलांनी पाय वाचले, प्रश्न मात्र उरले. मार्च २०२३ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा पुन्हा मुंबईच्या दिशेने निघाला, तोही दिंडोरीहूनच. करुणेला मन लागते, तसा वेळही लागतो. घरातून दहा मिनिटे आधी निघणे, ही तिची पहिली साधना ठरू शकेल.