आंग्र्यांचं ‘रिस्टोरेशन’

आम्हा वर्ध्याकडच्यांचा आरमाराशी संबंध चौथीच्या इतिहासापुरता. शिवाजी महाराज, सिंधुदुर्ग, फार तर कान्होजी आंग्रे, आणि मग गाडी थेट पानिपतावर. मधल्या पानांत ‘रिस्टोरेशन’ राहून जातं. हे जहाज आधी इंग्रजांचं होतं, मग मराठ्यांचं झालं.

मुंबईच्या इंग्रजांनी ते आंग्र्यांच्या बंदोबस्तासाठीच सज्ज केलं होतं. वीस तोफा, दोनशे माणसं. १७४९ मध्ये कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांनी तेच धरलं. याआधी १७३५ मध्ये तुळाजींचे भाऊ संभाजी आंग्र्यांनी विलायतेहून आलेलं ‘डर्बी’ पकडलं होतं, तेव्हा हे काही नवल नव्हतं.

आंग्र्यांची रीत ठरलेली होती. त्यांच्या गुराबेची, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजाची, नाळ लांब, पुढे निमुळती आणि खाली उतरती. लाट चढली तरी पाणी आपसूक वाहून जाई. दोन मोठ्या तोफांची तोंडं थेट पुढे, त्या नाळेवरून डागायच्या. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं या गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, कारण तिकडे त्याच्या तोफा थोड्या. मारा शिडं आणि डोलकाठ्यांवर. जहाज लुळं पडलं की गलबतांतली माणसं तलवारी उपसून वर चढत. 

पुढे नानासाहेब पेशवे आणि तुळाजी यांच्यातून विस्तव जाईना. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ च्या एप्रिलात तुळाजींचा सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनची लढाऊ जहाजं आणि क्लाइव्हचं पायदळ तुळाजींच्या विजयदुर्गासमोर उभं राहिलं. तुळाजी तेव्हा बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेले.

१२ तारखेला दुपारी समुद्राकडचा वारा धरून इंग्रजी जहाजं किल्ल्यालगतच्या वाघोटनच्या खाडीत शिरली. आंग्र्यांच्या गुराबा एकमेकींना बांधून उभ्या होत्या. एक गरनाळी गोळा येऊन पडला तो नेमका ‘रिस्टोरेशन’वर. डांबर, दोर, शिडं. पेटायला काय वेळ! तिथून आग गुराबांवर गेली आणि आंग्र्यांचं अवघं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

गोळा इंग्रजांचा, जहाजही मूळ इंग्रजांचंच. पण त्यांना खाडीपर्यंत आणलं पुण्याने. या दोषातून नानासाहेबांना सोडवता येत नाही.

ऑक्टोबरातल्या तहात बाणकोट घेऊन इंग्रजांनी विजयदुर्ग पेशव्यांना दिला. तिथेच पुढे आनंदराव धुळपांनी पेशव्यांचं आरमार सांभाळलं. एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज लढून धरलं आणि विजयदुर्गाला आणलं. पण इंग्रज-मराठ्यांमधला साल्बाईचा तह आधीच झालेला होता, त्यामुळे ते परत द्यावं लागलं.