मस्टँगचं शेपूट आणि सहा ओहमचा रेझिस्टर

गाडीचे मागचे दिवे ही एक गंमतच आहे. पैसे आपले, बॅटरी आपली, आणि बघणार कोण? तर मागचा! चालवणाऱ्याला स्वतःचे टेल लॅम्प जन्मात दिसत नाहीत. तरीही ते बदलायची हौस जगभर आहे. आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्येही संध्याकाळी एक चक्कर मारा, निदान दोन-तीन बाइक्सची शेपटं नटवलेली सापडतील.

पण आज बोलायचंय ते अमेरिकेतल्या हौसेबद्दल आणि तेही फोर्ड मस्टँगबद्दल. कारण सोपं आहे. दरवर्षी आपले सीनियर्स एम.एस.ला तिकडे जातात, असिस्टंटशिप मिळाली की काही महिन्यांत सेकंडहँड गाडी शोधू लागतात, आणि त्यातल्या एकाला तरी २००५ ते २००९ च्या पिढीची मस्टँग खुणावते. त्या गाडीच्या मागे प्रत्येक बाजूला तीन उभ्या पट्ट्यांचा दिवा आहे, आणि आत साधे फिलामेंटचे बल्ब. २०१० च्या मॉडेलपासून कंपनीनेच एलईडी दिले, तेही एकामागून एक पेटत जाणारे. म्हणजे इंडिकेटर दिला की आतली पट्टी, मग मधली, मग बाहेरची. मग जुन्या गाडीवाल्याला वाटणारच ना, आपल्यालाही तेच पाहिजे!

ही एकामागून एक पेटण्याची कल्पना मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीची. १९६५ च्या फोर्ड थंडरबर्डला असे दिवे होते आणि ते चालवायला डिकीत चक्क एक छोटी मोटर होती. ती मोटर कॅम फिरवायची, कॅम स्विच दाबायचे आणि बल्ब क्रमाने लागायचे. मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. १९६८ च्या शेल्बी मस्टँगला हेच थंडरबर्डचे दिवे बसवले होते. म्हणजे मस्टँगच्या शेपटाची हौस खुद्द कारखान्यानेच लावलेली आहे.

आता खरेदी. बाजारात काळ्या काचेचे, पांढऱ्या काचेचे, धुरकट काचेचे असे ढीगभर दिवे मिळतात. पांढऱ्या काचेची फॅशन १९९८ च्या टोयोटा अल्टेझापासून पसरली. फोटोत सगळे सुंदरच दिसतात. पण काचेवर काय कोरलंय ते वाचायचं. अमेरिकेत एसएईची अक्षरं असतात: एस म्हणजे ब्रेक, टी म्हणजे टेल, आय म्हणजे इंडिकेटर, आर म्हणजे रिव्हर्स आणि ए म्हणजे रिफ्लेक्टर. या शेवटच्या 'ए'कडे लक्ष द्या. दिव्यात लाल रिफ्लेक्टर नसेल आणि गाडी रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेली असेल, बॅटरी मेलेली असेल, तर मागून येणाऱ्या ट्रकला दाखवायला तुमच्याकडे काहीही नाही. दिसायला छान म्हणून रिफ्लेक्टरच गाळलेले दिवे खुशाल विकले जातात.

आणि डीओटी ही अक्षरं पाहून भुलू नका. अनेकांना वाटतं की हे सरकारी प्रमाणपत्र आहे. तसं नाही. अमेरिकेत सरकार दिवा तपासून शिक्का देत नाही. 'माझा माल नियमात बसतो' असं बनवणारा स्वतःच जाहीर करतो. आपण जर्नलच्या पहिल्या पानावर स्वतःच 'सर्टिफाइड' लिहून टाकावं, तसा प्रकार. युरोपात उलट आहे. तिथे नमुना आधी तपासला जातो, मग गोलात 'ई' आणि देशाचा आकडा येतो, १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. नावाजलेला बनवणारा असेल तर स्वतःच्या सहीलाही तो जागतो; निनावी डब्यातल्या दिव्याच्या सहीला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

आता मुद्द्याचं. एलईडी लावून नुसती शोभाच होते का? नाही, एक खरा फायदा आहे. फिलामेंट तापून पूर्ण उजेड द्यायला साधारण ०.२ सेकंद घेतं. एलईडी जवळजवळ लगेच लागतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. गुणाकार करा: साडेपाच मीटर. मागच्या ड्रायव्हरला तुमचा ब्रेक साडेपाच मीटर आधी कळतो. दीड मारुती ८०० पेक्षा जास्त अंतर झालं की हे! हायवेवर ठोकर बसणं आणि थोडक्यात वाचणं यातला फरक कधीकधी एवढाच असतो.

पण हा फायदा घालवणंही तितकंच सोपं आहे. अमेरिकी मस्टँगमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही लालच, दिवा तोच आणि वायरही तीच. (आपल्याकडे इंडिकेटर पिवळसर नारिंगीच लागतो, म्हणून हे आपल्याला विचित्र वाटतं.) आता विचार करा: वायरमध्ये १२ व्होल्ट आले. दिव्याने काय समजायचं, इंडिकेटर की ब्रेक? इंडिकेटर असेल तर पट्ट्या ओळीने पेटल्या पाहिजेत. ब्रेक असेल तर तिन्ही एकदम. एकट्या दिव्याला हे कळायला मार्गच नाही. म्हणून काही किट्समध्ये डाव्या-उजव्या दिव्यांना जोडणारी वायर असते, दोन्हीकडे एकाच क्षणी व्होल्टेज आलं तर ब्रेक समजायचा. तर काहींमध्ये तिसऱ्या ब्रेक लाइटवरून स्वतंत्र खबर घ्यावी लागते. ही एक जास्तीची वायर बघून काहीजण 'नंतर जोडू' म्हणतात. मग ब्रेक दाबला तरी पट्ट्या आरामात एक, दोन, तीन अशा लागतात. मिळवलेले ०.२ सेकंद गेले, वर आणखी गेले. त्यामुळे घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, हा आहे.

दुसरा प्रश्न हायपरफ्लॅशचा, आणि इथे सेकंड इयरचं बेसिक इलेक्ट्रॉनिक्स उपयोगी पडतं. नवे दिवे लावले, इंडिकेटर दिला, की तो वेड्यासारखा टकटकटकटक करू लागतो. दिवा खराब नाही. गाडी प्रामाणिकपणे सांगतेय की मागचा बल्ब उडालाय. अमेरिकी नियमानुसार इंडिकेटरचा बल्ब गेला तर चालकाला कळायला हवं. गाडी ते प्रवाह मोजून ओळखते. दोन फिलामेंटच्या बल्बचं मोठं फिलामेंट सुमारे २७ वॅटचं, म्हणजे दोन अँपिअरच्या आसपास. एलईडी घेतो त्याच्या कितीतरी कमी. गाडी म्हणते, बल्ब गेला!

जुन्या गाड्यांत याच्या उलट घडायचं. त्यांच्या थर्मल फ्लॅशरमध्ये धातूची पट्टी प्रवाहाने तापून वाकायची आणि त्यामुळे दिवा लुकलुकायचा. प्रवाहच कमी म्हटल्यावर पट्टी तापणार कशी? इंडिकेटर लागून तसाच राहायचा. बाइकवर एलईडी इंडिकेटर लावणाऱ्यांनी यासाठी सरळ एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा, भानगड मिटते. आमच्या विंगमधल्या एकाने तेच केलं. आता बिल्डिंगमधले तीनजण त्याच्याकडे सल्ल्याला येतात आणि तो चहा घेतल्याशिवाय बोलत नाही.

पण मस्टँगमध्ये काढून बदलायला वेगळा फ्लॅशरच नाही. लुकलुकण्याचं काम पुढच्या प्रवाशाच्या पायाजवळचा जंक्शन बॉक्स करतो, आणि तो मोठं प्रकरण आहे. म्हणून उपाय उरतो तो लोड रेझिस्टरचा. सोनेरी अॅल्युमिनियमच्या खोक्यातला ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर दिव्याला समांतर जोडायचा, म्हणजे जंक्शन बॉक्सला हवा तेवढा प्रवाह दिसतो. वीज वाचवणारा एलईडी आणायचा आणि वाचलेली वीज मुद्दाम जाळायची! इंजिनिअरिंगमध्ये असे विनोद पुष्कळ असतात.

आता गणित. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ धरा. ६ ओहममधून २.३ अँपिअर जातात. शक्ती जवळपास ३२ वॅट. 'रेझिस्टर ५० वॅटचा आहे, मग काळजी कसली?' असं म्हणणाऱ्याला मी व्हायव्हात नापास करीन. ते ५० वॅट धातूच्या मोठ्या पत्र्यावर घट्ट बसवल्यावरचे आहेत. हवेत लोंबकळत ठेवला तर तो त्याच्या निम्म्यालाही भाजून निघतो. बरं, इंडिकेटर निम्मा वेळच पेटतो, म्हणजे सरासरी १६ वॅट. बहुतेक लोक इथेच हिशेब थांबवतात. पण मस्टँगमध्ये ब्रेकही त्याच वायरवर आहे हे विसरलात का? सिग्नलला दोन मिनिटं ब्रेकवर पाय ठेवून उभे राहिलात की दोन्ही बाजूंचे रेझिस्टर सलग ३२-३२ वॅट फेकत राहतात. आपल्या लॅबमधली साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तिच्याहून गरम वस्तू तुम्ही डिकीतल्या गालिच्याच्या अस्तराला टेकवून, प्लॅस्टिकच्या टायने बांधून, वर झाकण लावून ठेवणार आहात. मागच्या सीटवर कोण बसलंय, डिकीत काय ठेवलंय, हे त्या रेझिस्टरला माहीत नसतं. म्हणून तो गाडीच्या उघड्या पत्र्यावर, नट-बोल्टने, खाली थर्मल पेस्ट लावून बसवायचा. वायर, अस्तर, प्लॅस्टिक सगळं दूर. चिकटपट्टी नको, ती उष्णतेने सुटते. दिव्याबरोबर आलेल्या चिठ्ठीत चिकटवा असं लिहिलं असलं तरी नको.

प्रत्यक्ष बसवणं त्या मानाने सोपं, एका दुपारचं काम. बॅटरीची निगेटिव्ह काढा. डिकी उघडून आतलं अस्तर धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुंट्या काढा. जुन्या गाडीत त्यातल्या दोन-चार तुटणार हे गृहीत धरा. मागून नट काढले, कनेक्टर सोडवला की दिवा बाहेर येतो. जुन्या दिव्याच्या खुणेवरून नव्याचं रबर गॅस्केट सगळीकडे नीट टेकतंय ना ते बघा. इथे घाई केली तर पावसात डिकीत तळं साचतं. बसवून झाल्यावर एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं. आत कोण बसणार यावर वाद होईल, ते तुमचं तुम्ही बघा.

जोडणी करताना वायर चिमटीत धरून कापणारे ते निळे क्लिप टाळावेत. आज चालतात, पण काही महिन्यांनी आत गंज धरतो. डाख द्या, वर हीट श्रिंक चढवा. आणि अर्थची वायर सर्वांत आधी आणि सर्वांत घट्ट. दिव्याचा अर्थ सुटला तर प्रवाह गप्प बसत नाही. दुसऱ्या सर्किटच्या वाटेने परतायचा मार्ग शोधतो. मग ब्रेक दाबला की टेल मंद होतो, इंडिकेटर दिला की रिव्हर्स मिणमिणतो, असले भुताटकीचे प्रकार सुरू होतात आणि माणूस नव्या दिव्याला शिव्या घालत बसतो. एलईडी तर इतक्या कमी प्रवाहावर लागतो की बल्बला जे कधीच दिसलं नसतं, ते तो दाखवतो.

स्वस्त दिवा आणि चांगला दिवा यात फरक कुठे असतो, हेही आतून बघण्यासारखं आहे. स्वस्तात साधारण चार लाल एलईडी सिरीजमध्ये आणि एक रेझिस्टर, अशा ओळी असतात. प्रत्येकावर २.१ व्होल्ट पडले तर चारचे ८.४. चार्जिंगच्या १४.४ व्होल्टला २० मिलिअँपिअर हवे असतील तर रेझिस्टर ३०० ओहमचा. ठीक. आता इंजिन बंद, बॅटरी थकलेली, व्होल्टेज ११.५. उरले ३.१ व्होल्ट, प्रवाह १० मिलिअँपिअर. उजेड जवळपास निम्मा! शिवाय ओळीतला एक एलईडी उघडा पडला की चारही गेले. चांगल्या दिव्यात स्थिर प्रवाह देणारा ड्रायव्हर असतो, त्यामुळे व्होल्टेज हललं तरी उजेड हलत नाही. जास्तीचे पैसे मुख्यतः यासाठी द्यायचे, काचेच्या रंगासाठी नव्हे.

सगळं झाल्यावर तपासायचं ते रात्री नाही, भर दुपारी. रात्री काहीही झगमगतं. मित्राला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून वीसेक मीटर मागे जा, सूर्य दिव्यावर पडेल असे उभे राहा आणि मग बघा. टेल लागलेला असताना ब्रेक दाबल्याचं चटकन कळतंय का? अमेरिकी नियमात ब्रेकचा उजेड मध्यभागी टेलच्या किमान पाचपट लागतो. धुरकट काचेचा दिवा असेल तर या परीक्षेत तो बहुधा गटांगळी खातो. तिरक्या कोनातूनही बघा, कारण बल्बचा उजेड चहूकडे पसरतो आणि एलईडीचा समोर.

मिशिगन, मिनेसोटा अशा थंड प्रदेशात गेलेल्यांसाठी एक जास्तीची सूचना. बल्बच्या उष्णतेने काचेवरचं बर्फ थोडंफार वितळत असे. एलईडीची काच थंडच राहते, बर्फ तसंच बसून राहतं. निघण्यापूर्वी पुढची काच खरवडता तशी मागची शेपटंही झाडायची.

आणि हे वाचून इथल्या गाडीवर प्रयोग करू पाहणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की नोंदणीत असलेल्या निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळी अशी गाडी बदलता येत नाही. अमेरिकी लाल इंडिकेटर तर इथे चालणारच नाही. बाइकवर कंपनीचाच एलईडी टेल हवा असेल तर २००६ पासून पल्सरला तो येतोच आहे. तो उघडून आतल्या ओळी मोजा, मल्टिमीटर लॅब असिस्टंटकाकांकडून सही करून मिळेल, फक्त प्रोब्ज परत करताना दोन्ही आहेत ना ते बघा.