ड्रोनवरील कॅमेऱ्याची कळ आणि वारा

शेताचा हवाई नकाशा तयार करावयाचा झाल्यास ड्रोनने घेतलेली शेकडो चित्रे संगणकावर जोडावी लागतात. त्यासाठी प्रत्येक चित्रात मागील चित्राचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पुन्हा यावयास पाहिजे. कॅमेऱ्याची कळ ड्रोनचा स्वयंचालक दाबतो. ती ठराविक वेळाने दाबावयाची की ठराविक अंतराने, हे मात्र आपण ठरवावयाचे असते.

गेल्या खरिपात सोयाबीनच्या एका शेतावर आम्ही पंखांचा ड्रोन उडविला. हवेतील वेग सेकंदाला १५ मीटर, दर सेकंदाला एक चित्र, व चित्रात उड्डाणाच्या दिशेने ६० मीटर जमीन. हिशेब चोख होता. त्यात वारा तेवढा धरला नव्हता! सेकंदाला ५ मीटर वारा सुटला. वाऱ्याविरुद्ध जाताना चित्रे १० मीटरवर पडली, तर वाऱ्याबरोबर येताना २० मीटरवर. एकसारख्या हिरव्या पिकात जुळणीच्या खुणा आधीच थोड्या. त्यामुळे नकाशात भोके पडली, आणि शेतकऱ्यास पाहावयाचा असलेला पिवळा पडलेला भाग नेमका त्यांतच गेला.

दुसऱ्या खेपेस कळ अंतरावर लावली. उपग्रहांकडून मिळणाऱ्या स्थानावरून स्वयंचालक जमिनीवरील अंतर मोजतो व दर १५ मीटरला कळ दाबतो. आर्डुपायलट या प्रणालीत हे अंतर मीटरमध्ये भरावयाचे असते. तेथे शून्य राहिल्यास ही सोय बंद राहते. ड्रोन उतरताच स्वयंचालकाची नोंद व कॅमेऱ्यातील चित्रे यांची संख्या बांधावरच ताडून पाहावी. चित्रे कमी भरल्यास त्याच दिवशी पुन्हा उड्डाण करता येते.