कायदेशीर गांजा आणि विमानप्रवासाचे नियम

अमेरिकेची ऑलिंपिक सुवर्णपदकविजेती बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्रायनर हिला फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर अटक झाली. तिच्या सामानात गांजाच्या तेलाच्या नळ्या सापडल्या होत्या. तेलाचे वजन एक ग्रॅमही नव्हते. वेदनाशमनासाठी अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातील डॉक्टरांनी वैद्यकीय गांजाची शिफारस केली असल्याचे तिच्या वकिलांनी न्यायालयात मांडले. तथापि रशियन न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये तिला नऊ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही देशांत झालेल्या कैद्यांच्या अदलाबदलीत तिची सुटका झाली. एका ठिकाणी औषध मानली जाणारी वस्तू विमानातून उतरताच गुन्ह्याचा पुरावा कशी ठरते, हे या प्रकरणामुळे जगासमोर आले.

गेल्या काही वर्षांत अनेक देशांनी गांजाविषयीचे कायदे शिथिल केले आहेत. त्यामुळे दुकानातून रीतसर पावती घेऊन खरेदी केलेली वस्तू सोबत नेण्यास हरकत नसावी, असा अनेक प्रवाशांचा समज होतो. हा समज धोकादायक आहे. खरेदीची परवानगी ती देणाऱ्या देशाच्या किंवा राज्याच्या हद्दीपुरतीच असते. अमली पदार्थांसंबंधीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार गांजाची आयात-निर्यात सरकारी परवान्याखेरीज करता येत नाही आणि बहुतेक सर्व देश या कराराने बांधलेले आहेत. दोन्ही देशांत गांजा कायदेशीर असला, तरी मधली सीमा ओलांडणे बेकायदेशीरच राहते.

कॅनडा : देशांतर्गत मुभा, सीमेवर बंदी

हा भेद कॅनडात सर्वांत स्पष्ट दिसतो. तेथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला. सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा, अथवा त्याच्या समतुल्य अन्य उत्पादन, जवळ बाळगता येते. टोरंटोहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या प्रवाशाला देशांतर्गत विमानातही तेवढे प्रमाण नेण्यास परवानगी आहे. किमान वयाची अट मात्र प्रांताप्रमाणे बदलते. आल्बर्टामध्ये ती १८, क्वेबेकमध्ये २१, तर अन्यत्र १९ वर्षे आहे.

कॅनडाबाहेर जाताना किंवा कॅनडात येताना मात्र गांजा नेता येत नाही. तो वैद्यकीय कारणासाठी असला किंवा गंतव्य देशात कायदेशीर असला, तरी ही बंदी कायम राहते. बेकायदेशीर आयात-निर्यातीसाठी १४ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. देशांतर्गत विमान खराब हवामानामुळे अमेरिकेतील विमानतळाकडे वळवावे लागले, तर सोबतच्या गांजासाठी प्रवाशालाच जबाबदार धरले जाऊ शकते, हेही लक्षात घ्यावे लागते.

अमेरिका : राज्यांचा कायदा आणि केंद्राचा कायदा

अमेरिकेत परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये प्रौढांच्या वापरास मान्यता दिली आणि २०२३ अखेर अशा राज्यांची संख्या २४ झाली. केंद्रीय कायद्याने मात्र १९७० मध्ये गांजाला सर्वांत कठोर अनुसूचीत टाकले होते. तो तुलनेने सौम्य असलेल्या तिसऱ्या अनुसूचीत हलविण्याचा प्रस्ताव केंद्रीय न्याय विभागाने मे २०२४ मध्ये मांडला. तथापि तिसरी अनुसूचीही नियंत्रित पदार्थांचीच आहे. त्यामुळे दुकानातील गांजा विमानातून नेण्याची मोकळीक अशा बदलाने आपोआप मिळत नाही.

विमानतळावरील तपासणी आणि हवाई वाहतूक हे दोन्ही विषय केंद्राच्या अखत्यारीत येतात. वाहतूक सुरक्षा प्रशासनाचे कर्मचारी प्रामुख्याने शस्त्रे व स्फोटके शोधतात; गांजा शोधणे हे त्यांचे काम नाही. मात्र तपासणीच्या ओघात तो आढळल्यास ते प्रकरण पोलिसांकडे सोपवितात. पुढे काय होणार, हे त्या ठिकाणच्या पोलिसांवर आणि राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. लास वेगासच्या विमानतळावर २०१८ मध्ये, तर शिकागोच्या विमानतळांवर २०२० मध्ये, प्रवाशांनी उरलेला गांजा निमूटपणे टाकून द्यावा यासाठी खास पेट्या बसविण्यात आल्या. राज्याने दिलेली मुभा विमानाच्या दारापर्यंत पुरत नाही, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या भारतीयांसाठी यात आणखी एक धोका आहे. व्हिसा व वास्तव्याचे नियम केंद्रीय कायद्यानुसार ठरतात. राज्यात कायदेशीर असलेला गांजा बाळगल्याची किंवा सेवन केल्याची कबुली परदेशी नागरिकाने सीमेवरील अधिकाऱ्यापुढे दिली, तर त्याला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. ज्या वस्तूसाठी स्थानिक नागरिकाला दंडही होत नाही, तिच्यामुळे परदेशी विद्यार्थ्याचे शिक्षण अर्धवट राहू शकते.

युरोप आणि आशिया

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना सार्वजनिक ठिकाणी २५ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगता येतो; परंतु तो देशाबाहेर नेणे वा देशात आणणे निषिद्धच आहे. शेंगेन क्षेत्रातील रुग्णांसाठी एक मर्यादित सोय आहे. डॉक्टरांनी भरलेले आणि सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले पत्र जवळ असल्यास ३० दिवसांपर्यंत पुरेल इतके औषध सोबत नेता येते. हे पत्र त्या क्षेत्राबाहेर उपयोगी पडत नाही.

आशियात नियम बहुतांशी कडक आहेत. सिंगापूरमध्ये ५०० ग्रॅमपेक्षा अधिक गांजाच्या तस्करीसाठी मृत्युदंडाची तरतूद आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला. मात्र जून २०२५ मध्ये त्याच्या फुलांच्या विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली. विमान बदलण्यासाठी मधल्या देशात काही तास थांबणाऱ्या प्रवाशालाही त्या देशाचा कायदा लागू होतो. म्हणून केवळ प्रस्थान आणि गंतव्य नव्हे, तर वाटेतील प्रत्येक विमानतळाचा विचार करणे आवश्यक ठरते.

भारतात काय होते?

भारतात १९८५ च्या अमली पदार्थ व मनःप्रभावी पदार्थ कायद्यानुसार गांजा आणि चरस यांवर बंदी आहे. या कायद्यात गांजाची व्याख्या झाडाचे फुलोरे व फळधारी शेंडे अशी आहे. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया व्याख्येतून वगळलेल्या असल्याने भांगेचे नियमन राज्ये आपापल्या कायद्यांनुसार करतात. परदेशातील दुकानांत विकली जाणारी फुले, अर्क वा तेल यांना ही सवलत मिळत नाही.

गांजाचे एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ आणि २० किलोपेक्षा अधिकचे ‘व्यापारी’ मानले जाते. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, तर व्यापारी प्रमाणासाठी किमान १० आणि कमाल २० वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. देशात आणण्याच्या गुन्ह्यासाठीही शिक्षेची हीच उतरंड आहे. मिश्रणात केवळ अमली घटकाचे नव्हे, तर इतर घटकांचेही वजन धरावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. परदेशी डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे भारतीय कायद्याखालील परवाना नव्हे. तेल ओढण्याचे विजेवरील उपकरणही अडचणीचे ठरते, कारण ई-सिगारेटच्या आयातीवर भारतात २०१९ पासून बंदी आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून मातीविना वाढविलेला गांजा वारंवार जप्त केला आहे. दुसऱ्याची पिशवी किंवा खाऊचे पाकीट ओळखीखातर सोबत घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. पिशवीत काय आहे हे ठाऊक नव्हते, एवढे सांगून सुटका होत नाही. आरोपीला जाणीव होती असे न्यायालय प्रथम गृहीत धरते आणि ती नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते.

प्रवाशाने काय करावे?

आंतरराष्ट्रीय प्रवासात गांजा किंवा त्यापासून बनविलेले पदार्थ, गोळ्या, तेल सोबत घेऊ नये. परदेशातील मित्राने दिलेली रंगीत गोळ्यांची बाटलीही वेष्टनावरील मजकूर वाचल्याशिवाय सामानात ठेवू नये. जुनी बॅग भरण्यापूर्वी तिचे सर्व कप्पे रिकामे करून पाहावेत. उपचारासाठी असे औषध आवश्यक असेल, तर वाटेतील प्रत्येक देशाच्या दूतावासाकडून लेखी माहिती घ्यावी आणि परवानगी मिळत नसल्यास पर्यायी औषधाविषयी डॉक्टरांशी बोलावे. परदेशात अटक झाल्यास भारतीय वकिलातीला कळविण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारान्वये मिळतो. वकिलात वकील शोधण्यास आणि घरी निरोप पोहोचविण्यास मदत करू शकते. त्या देशाचा कायदा मात्र ती बदलू शकत नाही.