वैद्यकीय दुभाषी-प्रशिक्षण आणि अल्प उत्पन्नाच्या द्वैभाषिक स्त्रिया

दोन भाषा बोलता येणे आणि दुभाष्याचे काम करता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या भेदाची उपेक्षा किती घातक ठरते, हे फ्लॉरिडातील 1980 च्या एका प्रकरणावरून दिसून येते. अठरा वर्षांच्या एका तरुणाच्या आप्तांनी ‘इन्टॉक्सिकाडो’ हा स्पॅनिश शब्द ‘खाण्यातून बाधा झालेला’ या अर्थी वापरला. रुग्णालयात मात्र त्यावरून त्याने मादक द्रव्याचे अतिसेवन केले असावे, असा समज झाला. मेंदूतील रक्तस्राव वेळीच ओळखला न गेल्याने त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. मराठीतही हा धोका आहेच. ‘अंगावरून पांढरे जाणे’ या तक्रारीचा शब्दशः अनुवाद केल्यास वैद्याला काहीच बोध होणार नाही.

1964 च्या नागरी हक्क कायद्याने संघराज्याचे साहाय्य घेणाऱ्या संस्थांना राष्ट्रीय मूळावरून भेदभाव करण्यास मनाई केली. रुग्णालयांच्या भाषासाहाय्याचा पाया हाच होय. मॅसॅच्युसेट्स राज्याने 2000 साली तातडीच्या उपचारविभागांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच राज्यातील बॉस्टन येथे 2011 साली ‘फाउंड इन ट्रान्सलेशन’ ही संस्था स्थापन झाली. निर्धन व बेघर द्वैभाषिक स्त्रियांना वैद्यकीय दुभाष्याचे शिक्षण विनाशुल्क देणे, हा तिचा उद्देश.

अशा अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्या स्त्रीजवळ बहुधा एक अनुभव असतो, तो म्हणजे लहानपणापासून आईवडिलांसाठी किंवा शेजाऱ्यांसाठी दवाखान्यात बोलण्याचा. तो मोलाचा खरा. पण त्यासोबत काही सवयीही जडलेल्या असतात. लांब बोलणे थोडक्यात सांगणे, कटू निदान सौम्य करणे, रुग्णाऐवजी आपणच उत्तर देणे या सवयी घरच्या मायेतून आलेल्या असतात. व्यवसायाचा दंडक मात्र याच्या उलट आहे. जे बोलले गेले ते सर्व आणि तसेच पोहोचवावे, रुग्णाचे बोलणे प्रथमपुरुषी सांगावे व गुप्तता राखावी, असा तो दंडक होय.

मॅसॅच्युसेट्समधील दोन बालरुग्ण तातडी-विभागांत झालेल्या व 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष येथे महत्त्वाचा ठरतो. शंभर किंवा अधिक तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यावसायिक दुभाष्यांच्या चुकांपैकी उपचारावर परिणाम करू शकतील अशा चुकांचे प्रमाण 2 टक्के होते. त्याहून कमी प्रशिक्षण असलेल्यांत ते 12 टक्के आढळले. कामाच्या वर्षांचा मात्र चुकांशी तसा संबंध दिसला नाही. राष्ट्रीय प्रमाणपत्र-परीक्षांना बसण्यासाठी किमान 40 तासांचे प्रशिक्षण लागते, हे लक्षात घेता हा फरक विचारात घेण्याजोगा आहे.

यावरून प्रवेश-अर्जाने काय पाहावे, हे ठरते. ‘मला दोन्ही भाषा उत्तम येतात’ हे अर्जदाराचे स्वतःचे मत पुरेसे नाही. दोन्ही भाषांची तोंडी परीक्षा घ्यावयास हवी. घरगुती बोलण्यात पटाईत असलेल्या स्त्रीला ‘यकृत’ किंवा ‘स्वादुपिंड’ या अर्थाचे शब्द मातृभाषेत ठाऊक नसतील, तर तो तिचा दोष नव्हे. ते शिकविता येतात. उलट, प्रमाणपत्र-परीक्षांसाठी माध्यमिक शिक्षणाचा पुरावा लागतो, आणि निर्वासित स्त्रीची कागदपत्रे मायदेशीच राहिलेली असतात. त्यासाठी पर्यायी मार्ग अर्जाच्या वेळीच दाखविला पाहिजे.

सर्वांत मोठी अडचण वेळेची. शंभर तास म्हणजे रोजंदारीवर जगणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने शंभर तासांची बुडालेली मजुरी. मुलांना सांभाळण्याचा व प्रवासाचा खर्च वेगळाच. म्हणूनच बॉस्टनच्या संस्थेने शुल्कमाफीबरोबर बालसंगोपन व प्रवास यांसाठीही साहाय्य दिले. ही तरतूद दयेपोटी केलेली जोड समजली जाते, पण ते योग्य नव्हे. चुका कमी होतात त्या प्रशिक्षणाच्या तासांनी, आणि ते तास अर्जदाराला मिळतात ते या साहाय्याने. तात्पर्य, पाळणाघराचा खर्च हा रुग्णाच्या सुरक्षिततेवरचाच खर्च होय.