इस्त्रीने ताणलेला पंख

घरी बांधलेल्या अनेक हलक्या विमानांच्या पंखांवर आजही कापडच असते. 1903 साली राइट बंधूंच्या विमानाला सुती मलमल होती. आता तिची जागा पॉलिएस्टरने घेतली आहे.

हे कापड आधी पंखाच्या कडांना खास गोंदाने चिकटवतात. तेव्हा ते जरा सैलच असते, सुरकुत्याही असतात. मग इस्त्री फिरते. पॉलिएस्टरचे धागे कारखान्यात ओढून लांब केलेले असतात. उष्णता मिळाली की त्यांतले रेणू पुन्हा आखडू पाहतात आणि कापड आवळते. प्रचलित पद्धतीत तापमान टप्प्याटप्प्याने सुमारे 177 अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. त्याच्या फार पुढे गेले तर कापड ढिले पडते आणि गेलेला ताण परत येत नाही. म्हणून इस्त्रीच्या चकतीवरील आकड्यावर विसंबू नये, तिचा तळ थर्मामीटरने तपासावा.

उड्डाणात पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि तिथले कापड सांगाड्यापासून सुटू पाहते. ते धरून ठेवायला बहुतेक कारागीर लांब सुईने मेण लावलेला दोरा पंखाच्या आरपार नेतात आणि बरगडीगणिक टाके घालतात. प्रोपेलरचा झोत आदळतो तिथे टाके अधिक जवळजवळ. या सगळ्या कामात मला हे शिवणच सर्वांत सुंदर वाटते. प्रत्येक गाठ हाताने मारलेली असते.

टाक्यांवर पट्ट्या चिकटवल्या की ॲल्युमिनियमची पूड मिसळलेला रुपेरी थर देतात. अतिनील किरणांनी पॉलिएस्टर कमजोर होते. ही पूड ते किरण अडवते. रंग त्यानंतर.